मटाराला काटक्या, घेवड्याला काठी, वरण्याला मांडव

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला घरामागच्या परड्यात तुम्ही ऑक्टोबरच्या शेवटी मटार आणि वेलाचा घेवडा शेजारी शेजारी लावला, दोन्हीला सारखेच मनगटाएवढे बांबू रोवून दिले, घेवडा सरसर वर गेला आणि मटार मात्र बांबूच्या बुडाशी लोळत पडलाय. दुसरं म्हणजे मागच्या ऑगस्टमधे वरण्याचा, म्हणजे पावट्याच्या घराण्यातल्या वेलाचा, मांडव वेलासकट आडवा झाला. आणि तिसरं, राजारामपुरीतल्या तुमच्या बहिणीला टेरेसवर बादलीत घेवडा लावायचाय. मी २६ वर्षं झाली वेलभाज्या करतोय, आधी घरच्या शेतात आणि आता लोकांच्या परसबागा लावून देतो, आणि या तिन्ही गोष्टी मला दरवर्षी कोण ना कोण विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मटार आणि घेवडा हे दोन्ही वेल असले तरी चढायची रीत एकदम वेगळी आहे. मटाराच्या खोडाला स्वतःला कशाभोवती गुंडाळता येतच नाही. त्याच्या पानाच्या टोकाला जे बारीक दोऱ्यासारखे तणावे असतात ना, ते पकडतात आणि खोड नुसतं त्यांच्या जोरावर उभं राहतं. आता तो तणावा केवढा, चांगला वाढला तरी दोन-तीन इंच, मग त्यानं तुमच्या मनगटाएवढ्या बांबूला कवेत घ्यायचं कसं? तो बांबूला टेकतो, वळायला बघतो, वेढा पुरा होत नाही आणि सुटतो. त्याला पाहिजे काडीएवढं, सुतळीएवढं, फार तर पेन्सिलीएवढं जाड काहीतरी. घेवड्याचं उलट, त्याला तणावे नसतातच, त्याचं अख्खं खोडच काठीभोवती गिरक्या घेत वर जातं, त्यामुळं त्याला अंगठ्याएवढी काठी सगळ्यात आवडते आणि मनगटाएवढ्या बांबूवरसुद्धा तो कुरकुर न करता चढतो. म्हणजे तुमचा बांबू वाईट नाही, तो मटारासाठी चुकीचा आहे एवढंच.

हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका, उद्या सकाळी परड्यात जाऊन बघा. मटाराचा एक कोवळा, सरळ असलेला तणावा निवडा आणि एका बारीक काडीनं त्याला एका बाजूनं हळू हळू घासा, चार-पाच वेळा. मग शेजारचं तण काढत बसा आणि थोड्या वेळानं परत बघा, टोक काडीच्या बाजूला वळायला लागलेलं दिसतंय. पकड बसली की तो पुढं स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो आणि नंतर टणक होतो, म्हणून वाऱ्यात वेल हलतो पण सुटत नाही. घेवड्याचं बघायचं असेल तर ज्याचा शेंडा काठीच्या वर मोकळा लोंबतोय असा वेल घ्या, शेंडा ज्या दिशेला आहे तिकडं जमिनीवर एक खडा ठेवा, अर्ध्या तासानं परत बघा आणि दुसरा खडा ठेवा. साधारण दोन तासांत तो शेंडा एक अख्खी फेरी मारतो, आधार शोधत असतो तो. आणि ही फेरी वरून बघितली तर घड्याळाच्या उलट असते, म्हणजे आपण देवळात प्रदक्षिणा घालतो त्याच्या बरोबर उलटी. ही गोष्ट कामाची आहे कारण बरेच जण सुटलेला वेल प्रेमानं काठीला गुंडाळून देतात पण प्रदक्षिणेच्या दिशेनं देतात, आणि दुसऱ्या दिवशी वेल सगळा उलगडून खाली. मग म्हणतात घेवडा काठी धरत नाही. धरतो, त्याच्या दिशेनं द्या.

आता तुमचा सध्याचा मटार. बांबू उपटू नका, मुळं हलतील, आणि मटाराची मुळं हललेली त्याला अजिबात खपत नाहीत. बांबू तसेच राहू देत, त्यांचा आता खांब म्हणून उपयोग करू. दोन बांबूंच्या मधे जमिनीपासून चार इंचावर पहिली सुतळी आडवी ताणा, मग दर पाच-सहा इंचावर एक एक, आणि ओळीच्या दोन्ही बाजूंनी ताणा म्हणजे वेल मधे राहतील, नुसती एका बाजूनं ताणली तर वेल दुसऱ्या बाजूला पडतात. लोळलेले वेल उचलताना घाई करू नका. मटाराचं खोड आतनं पोकळ असतं, झटकन उचललं की कट्कन मोडतं आणि मोडलं की वरचा भाग गेला. हे काम सकाळी दवात करू नका, तेव्हा खोड पाण्यानं टम्म असतं आणि लगेच तुटतं, दुपारी चार नंतर जरा ऊन खाऊन वेल मऊ पडलेला असतो तेव्हा करा. तळहातावर घेऊन उचला, सुतळीवर नुसता टेकवा, बांधू नका. दोन-तीन दिवसांत तणावे स्वतःच धरतील. जे वेल एकमेकांत गुंतलेत ते सोडवत बसू नका, तसेच झुबक्यानं उचला, त्यांनी एकमेकांना धरलंय तोसुद्धा आधारच आहे.

पुढच्या वर्षी मात्र मटाराला सुतळी-जाळी काही नको, फाटे लावा, म्हणजे बारीक फांद्यांच्या वाळक्या काटक्या. जुनी माणसं हेच करायची. तुरीच्या वाळलेल्या तुराट्या यासाठी मला सगळ्यात भारी वाटतात, बारीक बारीक फांद्या भरपूर, सरळ उभ्या राहतात, मटार त्यात असा काही शिरतो की वेगळं काही करावं लागत नाही. अडचण एवढीच की तूर निघते जानेवारीच्या आसपास आणि मटार लावायचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे, म्हणून तुराट्या एक वर्ष आधी आणून पावसाला न लागतील अशा ठेवाव्या लागतात. कागल-गडहिंग्लज बाजूला कोणी पाहुणे असतील तर बांधावरच्या तुरीची एक पेंढी सांगून ठेवा, एका परड्याला तेवढी पुरते. तुराट्या नाही मिळाल्या तर मेंदीच्या कुंपणाच्या छाटलेल्या फांद्या पूर्ण वाळवून वापरा. पूर्ण वाळवून हे मुद्दाम लिहितोय, कारण जास्वंद किंवा गिरिपुष्पाची ओली फांदी रोवली तर ती फुटते, मुळं धरते आणि तुमच्या मटाराचंच पाणी-खत खाते.

फाटे कधी लावायचे हा खरा मुद्दा आहे आणि इथंच सगळे चुकतात. बी पेरायच्या दिवशीच लावा. आधी आधार, मग बी. वेल लोळायला लागल्यावर काठी शोधायला गेलं की एक तर मुळं तुटतात आणि दुसरं म्हणजे पहिला तणावा येतो तेव्हा त्याला धरायला काही नसतं, तो शेजाऱ्याला धरतो, दोघं मिळून आडवे होतात. आपल्या शेजारी मिरजेकडं पानमळे आहेत, तिथली रीत बघा, आधी शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा लावून वाढवतात आणि मग त्याच्या बुडात पानवेल लावतात. पानवेल पेराला फुटलेल्या मुळांनी साल धरून चढते म्हणून तिला जिवंत झाड चालतं, आपल्या मटाराला ते चालायचं नाही, पण आधार पहिला आणि वेल नंतर ही अक्कल सगळ्या वेलांना लागू आहे.

जात कुठली लावलीय तेही बघा. मटारात अर्केल असेल तर ती बुटकी, दीड-दोन फुटांची, तिला तीन फुटी फाटे खूप झाले, आणि दाट दोन ओळी केल्या तर आपली आपणच एकमेकांना धरून उभी राहते. बोनव्हिले त्यापेक्षा उंच जाते, तिला चार फूट ठेवा. घेवड्यात कंटेंडर ही झुडपाची जात, तिला काठीच नको, आणि केंटुकी वंडर वेलाची, ती सहा-आठ फूट सहज जाते. बियाणं घेताना दुकानात नुसतं घेवडा द्या म्हटलं की काय हाताला लागेल ते देतात, वेलाचा की झुडपाचा हे विचारूनच घ्या.

जाळीबद्दल दोन शब्द, कारण हल्ली सगळे नायलॉनची जाळी आणतात. जाळी वाईट नाही पण भोक मोठं पाहिजे, पाच-सहा इंचाचं, आपला हात पलीकडं जाऊन शेंग तोडता आली पाहिजे. बारीक भोकाची, मासे धरायच्या जाळ्यासारखी किंवा पाखरांसाठी असते तसली आणू नका. मी एकदा आणली होती, स्वस्त मिळाली म्हणून, आणि खालचा फूटभर भाग जमिनीवर तसाच गोळा होऊन पडलेला. एका सकाळी बघतो तर चांगली पाच-सहा फुटी धामण त्यात अडकलेली, जेवढी पुढं जायला बघतेय तेवढे धागे खवल्यांत रुततायत. सर्पमित्राला बोलवलं, त्यांनी बारीक कात्रीनं एक एक धागा कापत काढली, पाऊण तास गेला. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी, आपल्या परड्याची राखण करणारी, तिची अशी अवस्था बघून मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी ती जाळी काढून टाकली. तुम्ही जाळी लावलीच तर खालची कड जमिनीपासून अर्धा फूट वर आणि ताणून बांधा, आणि हंगाम संपला की काढून ठेवा.

आता घेवडा. तुमचा चढलाय म्हणजे काम झालंय, फक्त काठी सहा फुटांच्या वर नको, शेंगा हाताला आल्या पाहिजेत. शेंड्यानं काठी संपवली की टोक खुडा, खालून फुटवे येतात. पुढच्या वेळी मनगटाएवढे बांबू घेण्यापेक्षा अंगठ्याएवढ्या मेसकाठ्या, म्हणजे मेस जातीच्या बारीक बांबूच्या काठ्या, घ्या. बांबूची पेरं असतात त्याला वेल बरोबर टेकतो, घसरत नाही. लोखंडी सळी किंवा प्लास्टिकचा पाईप वापरणार असाल तर त्याला काथ्या गुंडाळा, गुळगुळीत असतं म्हणून वेल घसरून खाली गोळा होतो, शिवाय सळी उन्हात तापते. बांबू चिरून काढलेल्या कामट्या नकोत, त्यांच्या कडेला धार असते आणि वारा सुटला की खोड त्यावर घासून कापलं जातं. आणि बांबू भुंग्यानं पोखरतो ती तक्रार असेल तर पावसाळा संपल्यावर थंडीत तोडलेला घ्या आणि दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवून मग वाळवा, आतला गोडवा धुवून जातो, भुंगा कमी लागतो. जमिनीत जाणारं टोक जाळावर फिरवून काळं करा. काही जण जुनं इंजिन ऑईल लावतात, भाजीच्या वाफ्यात ते लावू नका हो, आपण तिथलं खाणार आहे.

खरिपात मक्याच्या ताटावर घेवडा किंवा चवळी चढवायची आपल्याकडची पद्धत पण चांगली आहे, मका गुडघाभर झाला की मग त्याच्या बुडात बी टोबायचं, दोन्ही एकदम पेरलं तर वेल मक्याला गळफास लावतो. पण त्यावर वरणा सोडू नका, तो मका खाली घेऊन येईल.

वरण्याचा मांडव का पडला हे मी न बघताच बऱ्यापैकी सांगू शकतो. वरणा, पावटा, वाल ही सगळी एकाच घराण्यातली, आणि यातल्या जुन्या गावठी जाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. तुम्ही जूनमधे पेरला की तो ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत नुसता पाला वाढवत बसतो. म्हणजे आपला जुलै-ऑगस्टचा पाऊस, पश्चिमेचा वारा आणि पाल्याचं सगळं ओझं एकाच वेळी मांडवावर. ओल्या पाल्यानं पाणी धरलेलं, जमीन भिजून लोण्यासारखी झालेली, मेढी, म्हणजे मांडवाचे खांब, फूटभरच पुरलेल्या, आणि सगळं सुतळीनं बांधलेलं. सुतळी ताग असते, आपल्या पावसात दोन महिन्यांत कुजते. ज्या गाठीवर वजन आहे तिथली सुतळी कुजली की एक आडवी काठी निसटते आणि मग बाकीचं ओढत खाली येतं. बघा आठवून, असंच झालं असणार.

यावेळी असं करा. मेढी आठ फुटी, त्यातला दोन फूट जमिनीत, खड्ड्यात माती नाही तर दगड आणि मुरूम घालून पहारीच्या बुडानं ठासायचं, माती भिजली की ढिली होते पण दगड धरून ठेवतो. चार कोपऱ्याच्या मेढींना बाहेरच्या बाजूला ताण द्या, तंबूला देतात तसे, दोन-अडीच फुटांवर खुंटी मारून तारेनं. कोपऱ्यात तिरकी काठी मारा, नुसता चौकोन कितीही पक्का बांधला तरी वाऱ्यानं एका बाजूला झुकतो, तिरकी काठी पडली की त्रिकोण होतो आणि मग हलत नाही. वजनाच्या गाठी सगळ्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी तारेनं, वर वेल पसरायला मात्र काथ्या चालेल, काथ्या नारळाचा असतो त्यामुळं पाण्यात सुतळीसारखा लगेच कुजत नाही. उंची सहा फूट, म्हणजे खालून उभं राहून तोडता येतं. आणि वरणा सुरुवातीला एकाच खोडावर वर न्या, खालचे फुटवे काढत राहा, मांडवावर पोचला की शेंडा खुडा म्हणजे तो चारी बाजूला पसरतो. शेणखत लावतानाच काय ते द्या, पावसात युरिया अजिबात देऊ नका, आधीच त्याला पाल्याची हौस. ऑगस्टच्या शेवटी मांडवाखाली उभं राहून वर बघा, आभाळ कुठंच दिसत नसेल तर जुनी, पिवळी, आतली पानं काढून हलका करा, गुरं असतील तर त्यांना घाला.

दिशेचं पण बघावं लागतं. पुस्तकात वेलाची ओळ दक्षिण-उत्तर लावा म्हणतात, म्हणजे सकाळचं ऊन एका बाजूला आणि दुपारनंतरचं दुसऱ्या बाजूला. थंडीच्या मटाराला ते बरोबर आहे, मी तसंच करतो. पण पावसाळ्यातल्या उभ्या जाळीला आपल्याकडं ते महागात पडतं कारण पश्चिमेचा वारा अख्ख्या जाळीवर शिडासारखा बसतो. म्हणून पावसाळी घेवड्याची उभी ओळ मी पूर्व-पश्चिम करतो, वारा कडेनं निघून जातो. पुढं थंडीत ऊन दक्षिणेकडनं तिरकं येतं आणि ओळीच्या उत्तरेला सावली पडते, त्या सावलीत कोथिंबीर, पालक मस्त येतो, ती जागा वाया जात नाही.

बहिणीच्या टेरेससाठी. २० लिटरची बादली, बुडाला भोकं, तीन-चार बिया. आधार म्हणजे तीन काठ्या बादलीच्या कडेनं बुडापर्यंत खोचून वर एकत्र बांधायच्या, पाच फुटांपेक्षा उंच नको. टेरेसवर वारा जमिनीपेक्षा जास्त असतो आणि बादली वरून जड झाली की काठ्यांसकट लवंडते, म्हणून बादल्या कठड्याच्या आत टेकवून ठेवायच्या, काठ्यांचं वरचं टोक ग्रीलला बांधायचं आणि बादलीच्या दोन्ही बाजूंना विटा लावायच्या. ग्रील नसेल, नुसता उघडा टेरेस असेल, तर मी तिला वेलाचा घेवडा लावूच नको म्हणेन, कंटेंडर लाव, दोन फुटांचं झुडूप, शेंगा लागल्यावर वाकू नये म्हणून बाजूला एखादी काडी दिली की झालं. वरनं सुतळ्या सोडून वेल चढवायचा असेल तर खालचं टोक विटेला किंवा बादलीच्या कडीला बांधा, रोपाच्या खोडाला बांधू नका, वाऱ्यानं सुतळी ओढली जाते आणि रोप मुळासकट वर येतं. कुठंही वेलाला बांधायची वेळ आलीच तर केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळलेली साल, भिजवून वापरा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल वेढा द्या, एक फेर काठीला, एक खोडाला. फुकट मिळतं, मऊ असतं, खोड जाड झालं तरी रुतत नाही, आणि शेवटी वेलाबरोबर खतात जातं.

तोडणीबद्दल एवढंच की एका हातानं वेल धरा आणि दुसऱ्या हातानं शेंग तोडा, एका हातानं ओढलं तर मटाराचा तणाव्यांसकट अर्धा वेल खाली येतो. आणि एक दिवसाआड तोडा. शेंगा वेलावर जून झाल्या की वेलाला वाटतं आपलं काम झालं, मग नवी फुलं कमी होतात. फाट्यांमधनं वारा खेळता राहिला तर जानेवारीतली भुरी, म्हणजे पानावरची पांढरी बुरशीसुद्धा उशिरा येते. थंडीत वरण्याच्या शेंड्यावर काळा मावा दिसला की आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारा, लगेच औषधाकडं धावू नका.

फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापलं की मटार पिवळा पडेल. तेव्हा तो उपटू नका, जमिनीलगत कात्रीनं कापा आणि मुळं तिथंच राहू द्या, त्यावरच्या गाठींत जे काही नत्र उरलंय ते कुजून त्याच मातीत जातं. सुतळीसकट वाळलेला वेल खताच्या खड्ड्यात टाका, आणि त्या रिकाम्या बांबूंवर नवी सुतळी ताणून मार्चमधे दोडका किंवा कारलं सोडा, खांब तयारच आहेत. फक्त आत्ता, या आठवड्यात, त्या चार इंचावरच्या सुतळीचं काम उरकून घ्या, कारण फुलं यायला लागल्यावर वेल उचलले तर कळ्या गळतात.